ठोंबऱ्यांच्या घरचं कायमचं

आडवण गावात ‘कायमचं’ ही कल्पना ठोंबऱ्यांच्या घरी असते, आणि ज्याला ती लागेल त्याने तिथून मागून न्यायची असते.

यात विशेष काही नाही. मीठ, ऊन, भूक, शेजारीण अशा रोजच्या कल्पना आडवणात घरोघरी असतात. जड कल्पना मात्र एकेका घराकडे सांभाळायला दिलेल्या आहेत. लग्नाची मोठी पातेली जशी देवळातून आणायची आणि घासूनपुसून परत करायची, तसंच हे. पश्चात्ताप गोसाव्यांकडे आहे. तो फारसा कुणी नेत नाही, बाराही महिने घरातच असतो, त्यामुळे गोसाव्यांची माणसं वाटेत म्हैस आडवी आली तरी तिची माफी मागतात. न्याय इनामदारांकडे. तो एकदा त्यांच्याकडून कुठेतरी हरवला होता, आणि दोन-तीन वर्षं गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शब्दांचं मात्र तसं नाही. शब्द सगळ्यांकडे असतात आणि जो तो ते सर्रास वापरतो. भाजीवाली म्हणते, तुम्ही आमचं कायमचं गिऱ्हाईक. मास्तर पोराला दम देतात, कायमचा घरी बसवीन. कुणाचं काही अडत नाही. शब्दामागे जे असायला हवं ते ठोंबऱ्यांच्या फडताळात सुखरूप आहे, एवढा भरवसा गावाला पुरतो.

फडताळात एक पितळी डबा आहे. डबा ज्या छपराखाली असेल त्या छपराखालच्या माणसांना कायमचं म्हणजे काय ते कळतं. डबा बाहेर गेला की कळेनासं होतं, फक्त शब्द उरतो. वाटेत तो ज्याच्या हातात असेल त्याला कळतं, म्हणून डबा न्यायला सहसा घट्ट मनाचा माणूस पाठवतात.

लग्नात डबा मांडवात नेतात आणि सप्तपदी झाली की परत करतात. पुढे नवराबायको कायमचं म्हणजे काय हे माहीत नसताना एकत्र राहतात, आणि आडवणातले संसार काही इतर गावांपेक्षा वाईट चाललेले नाहीत. जमिनीच्या खरेदीखताला तो तासाभरासाठी लागतो. आणि घरात कुणी गेलं की तो त्या घरी जातो, तेराव्याला परत येतो.

तेराव्यानंतर ती माणसं सुटतात. गेलेला माणूस गेला हे त्यांना माहीत असतं. त्याला नदीवर पोचवून आलो, हेही आठवत असतं. पण गेलेलं माणूस येतं, एवढंच मग त्यांना ठाऊक असतं. आडवणात म्हाताऱ्या बायका वारलेल्या लेकाच्या चपला दाराशी नीट जोडून ठेवतात आणि संध्याकाळी ओट्यावर वाट बघत बसतात. त्या वाट बघण्याचा त्यांना त्रास होत नाही. ती संपणार नाही हे कळायला जे लागतं ते घरात नसतं.

सुटत नाही ते ठोंबऱ्यांचं घर.

मुकुंदराव ठोंबरे पोस्टातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांची बायको प्रमिला गेली. मूलबाळ नव्हतं. सगळा गाव भेटायला आला. इनामदारांची थोरली सून म्हणाली, “तुमचं एक बरं आहे, डबा आणायला कुणाला पाठवायला नको.” बाई मनाने चांगली होती, तिला धीर द्यायचा होता. तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मुकुंदराव फडताळासमोर उभे राहिले. डबा परत करायचा होता, आणि परत करायची जागा हीच होती.

तेव्हापासून प्रमिला त्यांच्या घरात रोज कायमची गेलेली असायची. सकाळी दात घासताना गेलेली असायची, भाताला आधण ठेवताना गेलेली असायची. दुःखाने माणूस कसा वाळत जातो हे बघायला गावात दुसरं घर नव्हतं, म्हणून गावाला ते दुःख आहे असं वाटलंच नाही. लोक म्हणत, पोस्टातली माणसं निवृत्त झाली की खंगतातच.

सुटका व्हायची ती डबा बाहेर गेला की. हे मुकुंदरावांना पहिल्यांदा समजलं ते सुताराचे वडील गेले तेव्हा. डबा घेऊन सुताराचा भाऊ उंबऱ्याबाहेर पडला आणि मुकुंदरावांना एकदम आठवलं, की प्रमिलेची गादी किती दिवसांत उन्हात टाकलेली नाही. त्यांनी ती अंगणात टाकली. बेकरीतून खारी आणली, तिला चहाबरोबर तीच लागायची. रोज दोन कप चहा टाकला, एक झाकून ठेवला. दोन-चार दिवसांनी ते जरा कुरकुरायलाही लागले, की बाई गेली म्हणजे गेलीच, निरोप धाडायला काय होतं. तेराव्याला सुतार डबा घेऊन आला. त्याने डबा फडताळात ठेवला, नमस्कार केला, आणि मुकुंदराव हातात झाकलेला कप घेऊन तसेच उभे राहिले.

प्रत्येक वेळी ती त्याच क्षणी मरायची. उरलेली खारी मग ते महिनाभर एकटे खात.

आणि तरीही, डबा घरात असला की ते पुढच्या वेळेची वाट बघत. गावात कोण आजारी आहे याची चौकशी करत. खोकला छातीत उतरलाय का, तालुक्याच्या डॉक्टरने काय सांगितलं, हे विचारत दारोदार फिरत. लोकांना वाटे, काय कळवळ्याचा माणूस आहे. मुकुंदरावांना स्वतःची शिसारी यायची. पण चौकशी सुटत नव्हती.

संपत साबळ्याचा ओंकार गेला त्या वर्षी मात्र त्यांनी कुठलीच चौकशी केलेली नव्हती. पोरगं पहिलीत होतं. ताप डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. डबा न्यायला संपत स्वतः आला. तो ट्रक चालवायचा, आडदांड गडी. डबा हातात घेतला आणि त्याला भिंतीला धरून उभं राहावं लागलं. मुकुंदराव त्याच्या पाठीवर हात ठेवून दारापर्यंत आले. संपत बाहेर पडला, आणि मुकुंदराव गादी उन्हात टाकायला वळले.

तेरावा झाला. डबा आला नाही. आणखी आठवडा गेला. मुकुंदरावांना काही त्रास नव्हता, चहा दोन कप होत होता. पण घराण्याची वस्तू बाहेर राहिली, हे बरं दिसत नाही. मागायला जायला हवं, असा विचार करून ते एका दुपारी साबळ्यांच्या गल्लीत गेले. दारातून हाक मारली आणि आत पाऊल टाकलं.

पाऊल आत पडलं आणि प्रमिला मेली.

मुकुंदराव तिथेच बाकड्यावर बसले. समोर हेमा बसली होती, संपतची बायको. तिशीही गाठलेली नव्हती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. काय झालं हे विचारलं नाही, तिला ते दिसत होतं.

“डबा न्यायला आलासा व्हय, तात्या?” ती म्हणाली.

“हो.”

“मी देणार न्हाई.”

मुकुंदरावांनी मान वर केली. फळीवर डबा होता. त्याच्या शेजारी पोराची पाटी होती.

“मला ठाव हाय, ते तुमच्या घरचं हाय,” हेमा म्हणाली. “खरं सांगा, ते नेलंसा तर उद्या काय हुईल? मी सकाळी उठून ओम्याचा डबा भरीन. शाळेच्या फाटकाशी जाऊन हुबी ऱ्हाईन. सगळी पोरं भाईर येतील. ह्यो न्हाई आला, की मी चिडीन त्याच्यावर. कुठं उंडगत बसलास म्हणून शिव्या दीन. मेलेल्या लेकरावर चिडीन, तात्या. ते मला नगं.”

मुकुंदरावांना आठवलं, आज सकाळीच ते प्रमिलेवर चिडले होते. खारी मऊ पडली तरी हिचा पत्ता नाही, असं स्वतःशी मोठ्याने म्हणाले होते. त्यांना हुंदका आवरेना. हेमाही रडायला लागली. दोघं बराच वेळ आपापल्या माणसासाठी रडली.

“पण तुला सोसवेल का हे?” त्यांनी डोळे पुसत विचारलं. “मी म्हातारा माणूस. माझे किती राहिलेत? तुझ्यापुढे सगळं आयुष्य आहे पोरी. डबा घरात ठेवणं म्हणजे काय, ते मी भोगलंय.”

“तुमाला देऊ का मग? नेतासा?”

मुकुंदरावांनी डब्याकडे बघितलं. डबा उचलला तर पोरीची सुटका होत होती, पण तिला ती नको होती. डबा ठेवला तर त्यांची सुटका होत होती, आणि ती त्यांना हवी होती. इतकी हवी होती की तिच्या बाजूने जे म्हणायचं ते खरं तिच्यासाठी म्हणतोय का स्वतःसाठी, हेच त्यांना ठरवता येईना. शेवटी ते उठले. “राहू दे आज,” म्हणाले आणि बाहेर पडले.

गल्लीत आल्यावर ओले डोळे पुसत त्यांनी विचार केला, साबळ्यांच्या चुलीला धूर फार. झालेलं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. हेमा डबा द्यायला तयार नाही आणि आपण राहू दे म्हणालो, हेही आठवत होतं. का म्हणालो तेवढं मात्र आत राहिलं होतं. उद्या परत मागू, असं म्हणून ते खारी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग गोष्ट गावाच्या समितीपुढे गेली. समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब इनामदार. न्याय त्यांच्याकडे असल्याने अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं, न्याय हरवला होता त्या काळातसुद्धा. अण्णासाहेबांनी प्रश्न नीट मांडला. आपण कायमचं म्हणतो तेव्हा आपल्याला स्वतःला त्याचा अर्थ माहीत नसतो, पण ठोंबऱ्यांना माहीत असतो म्हणून आपल्या बोलण्याला अर्थ असतो. आता ठोंबऱ्यांनाही तो माहीत नाही. मग मागच्या आठवड्यात मळ्याची कायमची विक्री झाली, ती कशाची विक्री झाली?

बराच खल झाला. साबळ्यांच्या घरात जाऊन समजावून सांगण्याचं ठरलं. पाच माणसं गेली, मोठ्या आवाजात बोलत आत शिरली आणि आवाज बंद झाला. बऱ्याच वेळाने एकेक बाहेर आला. अण्णासाहेबांचा धाकटा भाऊ विहिरीत बुडून गेला होता, त्याला चाळीस वर्षं झाली होती. बाहेर आल्यावर त्यांना आपली कॉलर का भिजलीय ते उमगेना. समितीने नोंद केली, की चर्चा सविस्तर झाली, निष्पन्न काही झालं नाही, आणि यापुढे मुकुंदरावांनी एकट्यानेच रोज जाऊन मागणी करत राहावी.

म्हणून मुकुंदराव रोज जात राहिले. पाऊल आत पडलं की प्रमिला जायची. मग ते बाकड्यावर बसत, हेमा चहा टाके. डबा मागायचं काम एका वाक्यात होई, ती एका शब्दात नाही म्हणे. त्यानंतर दोघं बसून बोलत. प्रमिला पोळ्या करताना गाणं म्हणायची, ते नेहमी अर्धंच म्हणायची, पुढचं तिला येतच नव्हतं. ओम्या अंघोळीला पाणी घेतलं की न्हाणीतून पळायचा, साबणासकट. हे बोलणं गावात दुसरीकडे कुठे बोलता येण्यासारखं नव्हतं. बाहेर सगळे होते बोलायला, पण बाहेर ओम्या अजून येणार होता.

संपतसुद्धा बाहेरच होता. ट्रक घेऊन गेला की त्याला पोराची आठवण यायची, आणि तो काहीतरी घ्यायचा. एकदा शिट्टी घेतली, एकदा प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हातात घेऊन तो हाका मारत घरात शिरला आणि उंबऱ्यातच खाली बसला. दोनदा असं झाल्यावर तो गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबवून हॉर्न द्यायला लागला. सामानाची पिशवी शेजारच्यांकडे द्यायचा आणि पुढचा माल भरायला निघून जायचा. घरात शिरलं की छातीत कसंतरी होतं, एवढंच त्याला बाहेर आठवायचं.

एका दुपारी मुकुंदराव बसलेले असताना हेमाचा फोन वाजला. लांबून कुठून तरी संपत बोलत होता, मागे गाड्यांचा आवाज. तो मोठ्याने बोलायचा, मुकुंदरावांनाही ऐकू आलं. “ओम्याला सांग, बाप सायकल आणतोय म्हणावं. लाल.”

“सांगते,” हेमा म्हणाली. “जेवलासा का?”

फोन ठेवून तिने चहाचे कप विसळले. मुकुंदरावांनी ते पुसून पालथे घातले.

त्या वर्षी गावात आणखी दोन माणसं गेली. डबा मागायला कुणी साबळ्यांकडे आलं नाही, समितीच्या पाच जणांच्या अनुभवाने लोक बिचकले होते. त्या घरांत कुणी रडलं नाही. तेराव्याला पंगत बसली आणि नातवाने विचारलं, आजी किती वाजता येणार? हेमाने घरात बसून दोघांसाठीही रडून घेतलं. कुणीतरी रडायला हवं, असं तिने मुकुंदरावांना सांगितलं.

पुढे समितीला या प्रकरणाचा कंटाळा आला. अण्णासाहेबांनी तोडगा काढला. कायमचं साबळ्यांच्या घरात आहे, म्हणजे गावात आहे. गावात आहे म्हणजे आपल्या शब्दाला आधार आहे. मग ते कुणाच्या फडताळात आहे याने काय फरक पडतो? जमिनी आणि लग्नं यांच्यासाठी ‘तूर्त कायमचं’ असा शब्द मंजूर झाला. त्याला डबा लागत नव्हता. मुकुंदरावांना कळवण्यात आलं, की मागणी बंद करावी, उद्यापासून जाण्याची आवश्यकता नाही. मुकुंदराव म्हणाले, “बरं झालं, रोजची पायपीट वाचली.” तेवढं हेमाला सांगून यावं म्हणून ते शेवटचे गेले.

आत पाऊल टाकल्यावर ते नेहमीसारखे बसले. नेहमीसारखा वेळ गेल्यावर त्यांनी समितीचा निर्णय सांगितला.

हेमाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “म्हंजे उद्यापास्नं तुमी येणार न्हाई.”

“इथे असेपर्यंत मला यावंसं वाटतं गं. पण बाहेर पडलो की यायचं कारण उरणार नाही. मी घरी जाईन, चहा टाकीन.”

“दोन कप.”

“दोन कप.”

“सुखात ऱ्हाशीला.”

“हो,” मुकुंदराव म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“मग चांगलंच की, तात्या. एक तरी सुटलं.” असं म्हणून तिने तोंड फिरवलं. तिच्या खांद्यांकडे बघून मुकुंदरावांना कळलं, की उद्यापासून सबंध गावात हे एकटं माणूस असणार आहे. गावातल्या सगळ्या गेलेल्यांचं गेलेपण ही एकटी सांभाळणार, आणि तिच्याशी त्याबद्दल बोलायला कुणी येणार नाही.

दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं. चार पावलं टाकली की प्रमिला अजून येणार होती, आणि या वेळी तिला परत मारायला डबा घेऊन कुणी येणार नव्हतं. ही सुटका कायमची होती. आणि कायमची म्हणजे काय, हे इथे बसून त्यांना पुरतं कळत होतं. ते उठले. उंबऱ्यापाशी गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले.

मग त्यांनी चष्मा काढला. मागे येऊन फळीवर डब्याशेजारी ठेवला.

हेमाने वळून बघितलं. “तात्या, चष्मा ऱ्हायला.”

“राहू दे,” मुकुंदराव म्हणाले आणि चाचपडत बाहेर गेले.

गल्लीत त्यांना समोरचं काही नीट दिसेना. त्यांनी नाकावर हात नेला, खिसे तपासले आणि स्वतःवरच वैतागले. चष्मा साबळ्यांकडे विसरला. आता माघारी कुठे जायचं, उद्या आणू.

दुसऱ्या दिवशी ते चष्मा आणायला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आता गावात म्हणतात, मुकुंदरावांना वय झाल्यामुळे विसर पडतो. रोज दुपारी चष्मा आणायला साबळ्यांकडे जातात आणि दिवेलागणीच्या आधी पुन्हा तिथेच विसरून येतात. मुकुंदरावांचं म्हणणं, असं किती दिवस चालणार, प्रमिला आली की तिच्याबरोबर शहरात जाऊन दुसरा चष्मा करून घ्यायचा. तोवर ते अंदाजाने चहा टाकतात, थोडा सांडतो.

चष्मा हेमाकडे असतो. ती तो रोज पदराने पुसून ठेवते.